स्प्रिंगफिल्डला लीप चालत नाही

माझ्या मुलाच्या मते 'द सिम्पसन्स' ही मालिका 28 सप्टेंबर 1997 रोजी मेली. तारखेबद्दल तो ठाम आहे. माझी बहीण विचारते, मेली असेल तर मी दर आठवड्याला बघते ते काय भूत आहे? मुलगा ॲनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढतो. बहीण मराठी वाहिन्यांसाठी रोजच्या मालिका लिहिते, म्हणजे माणसांना वर्षानुवर्षं जिवंत ठेवणं हा तिचा धंदाच आहे. घरोघरी जुन्याचे गोडवे मोठी माणसं गातात आणि पोरं नाकं मुरडतात. आमच्याकडे उलटं आहे. पोरगा पहिल्या आठ सीझनच्या पलीकडे काही मानायला तयार नाही आणि पन्नाशी ओलांडलेली आत्या परवाच्या भागाचं कौतुक करते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅट ग्रोनिंगने काढलेलं हे पिवळ्या कातडीचं कुटुंब 1987 मध्ये 'द ट्रेसी उलमन शो'त छोट्या तुकड्यांतून आलं आणि 17 डिसेंबर 1989 पासून अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर स्वतःच्या मालिकेत राहायला गेलं. बाप होमर अणुवीज प्रकल्पात सुरक्षा निरीक्षक, आई मार्ज, मुलं बार्ट, लिसा आणि मॅगी. गाव स्प्रिंगफिल्ड. 2025 मध्ये फॉक्सने चाळिसाव्या सीझनपर्यंतची हमी दिली आहे. बार्ट अजून दहाच वर्षांचा आहे.

पुढचं बोलणं त्या दोघांचं. कंसातलं माझं.

भाचा : आत्या, खरं सांग, त्या तारखेला लागलेला नवव्या सीझनचा दुसरा भाग तू लिहिला असतास? प्रिन्सिपल स्किनरला आपण आठ वर्षं ओळखतो. तो म्हणे स्किनर नाहीच! खरा स्किनर व्हिएतनाममध्ये कैदेत होता आणि हा त्याच्या नावावर राहणारा कोणी आर्मिन टॅमझेरियन. शेवटी न्यायाधीश हुकूम काढतो की हा विषय परत काढायचा नाही, काढेल त्याचा छळ होईल. म्हणजे प्रेक्षकालाच दम. स्किनरला आवाज देणारे हॅरी शीअरर लेखकांना तोंडावर म्हणाले होते की लोकांनी इतकी वर्षं यात जीव गुंतवलाय आणि तुम्ही तो कचऱ्यात टाकताय.

आत्या : लिहिला असता. याहून वाईट लिहिलेत. आमच्याकडे मेलेला नवरा प्लास्टिक सर्जरी करून परत येतो आणि तो ट्रॅक सहा महिने चालतो. त्यांनी बावीस मिनिटांत गुंडाळला, सभ्य माणसं म्हणायची. आणि तो भाग कोणावर आहे माहितीये ना? लेखक केन कीलर यांनीच सांगितलंय की ओळखीच्या गोष्टीत इकडचं तिकडे झालेलं ज्यांना खपत नाही, त्यांच्यावर. म्हणजे तुझ्यावर.

भाचा : प्रेक्षकाला चिमटा काढायला माझी ना नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत पूचीचा भाग आला होता. कार्टूनमधलं कार्टून जुनं झालं म्हणून वाहिनी एक 'कूल' कुत्रा घुसडते. कॉमिकच्या दुकानातला तो जाडा मालक म्हणतो, आजवरचा सगळ्यात भिकार भाग. बार्ट त्याला म्हणतो, त्यांनी तुला इतके तास फुकट करमणूक दिली, तुझं काय देणं लागतात ते? काय चिमटा होता! पण त्या चिमट्याला गोष्ट होती. स्किनरच्या भागात नुसता चिमटाच राहिला.

आत्या : थांब. पूचीचा भाग 1997 मधला. म्हणजे 'मालिका घसरली' हे गाणं तेव्हाच इतकं जुनं झालं होतं की त्यावर अख्खा भाग लिहिता आला. 1993 चा मोनोरेलचा भाग घे. कोनन ओब्रायनने लिहिलेला. आज तुम्ही सगळे त्याची पूजा करता. लिसाला आवाज देणाऱ्या यार्डली स्मिथना तो मुळीच आवडला नव्हता. लोक म्हणत होते, हे फारच कार्टून व्हायला लागलंय. तुझा सुवर्णकाळ कोणाची तरी घसरण होता.

भाचा : हे उत्तर फार सोयीचं आहे. लोक नेहमीच कुरकुरतात, म्हणून कुरकुर खोटी? लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीतही शेवटी लांडगा येतो.

आत्या : आणि आठवणींचा गोडवा?

भाचा : कोणाच्या आठवणी? स्किनरचा भाग लागला तेव्हा मी पाळण्यात होतो. तू केबलवर स्टार वर्ल्डवर पाहिलंस, वाट बघून, मागचे-पुढचे भाग कसेही. तुझ्या आठवणी असतील. मी कॉलेजात असताना पहिल्यापासून ओळीने पाहिले, एका सुट्टीत. कुठला भाग नावाजलेला आणि कुठला बदनाम, हे मला ठाऊकही नव्हतं. दहाव्या-अकराव्या सीझनला आल्यावर मी फोन बघायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं मला.

(इथे बहिणीला पटकन उत्तर सुचलं नाही, हे नोंदवून ठेवतो. नॉस्टॅल्जिया हा या वादातला सगळ्यात आळशी युक्तिवाद आहे. ज्याने सगळं एका बैठकीत पाहिलं त्याच्यावर तो चालत नाही.)

आत्या : बरं. मग नक्की काय गेलं ते सांग. 'मजा गेली' म्हणू नकोस.

भाचा : वजन गेलं. जानेवारी 1995 चा मॅगीच्या जन्माचा भाग घे. मुलं विचारतात, अल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो का नाही? मग होमर सांगतो. त्याने प्रकल्पातली नोकरी सोडून बोलिंगच्या अड्ड्यावर काम धरलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा खूश होता. तेवढ्यात मार्जला दिवस गेले. पैसे पुरेनात. तो परत प्रकल्पाचा मालक बर्न्सच्या दारात गेला. बर्न्सने त्याला याचकांसाठी केलेल्या बुटक्या दारातून रांगत आत घेतलं आणि त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकली : विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. शेवटच्या शॉटमध्ये मॅगीचे सगळे फोटो त्या पाटीवर चिकटवलेले दिसतात. इंग्रजी अक्षरं अशी झाकली गेलीयत की उरलेली वाचली तर अर्थ होतो, तिच्यासाठी कर. मी बोर्ड काढतो ना, मला तो शॉट कागदावर दिसतो. कॅमेरा थोडा मागे येतो, बस. कोणी रडत नाही, संगीत गळा काढत नाही. होमर मूर्ख आहे, पण आपण हरतोय हे त्याला कळतं. नंतरच्या होमरला काही कळत नाही आणि काही लागतही नाही. तो नुसता दुसऱ्यांना दुखावत फिरतो. फेब्रुवारी 2000 मध्ये मॉड फ्लँडर्स स्टेडियमच्या वरच्या ओळीतून पडून मरते, कारण टी-शर्ट उडवणाऱ्या तोफेसमोरून होमर ऐन वेळी खाली वाकतो. आणि ॲम्ब्युलन्सच्या जागेवर गाडी लावलेली असते यानेच! शेजारीण मेली आणि तो तसाच. त्याच्या आदल्या आठवड्यात घोड्यांचे जॉकी हे जमिनीखाली राहणारे बुटके निघाले होते. हे दोन भाग पाठोपाठ बघ आणि मग बोल.

आत्या : जॉकींचं मी काही बोलत नाही. पण मॉड का मेली ते तुला माहीत आहे का? तिला आवाज देणाऱ्या मॅगी रॉझवेल डेन्व्हरहून लॉस एंजेलिसला ये-जा करायच्या. पैसे वाढवून मागितले, जमलं नाही, त्यांनी मालिका सोडली. आमच्याकडे नटी डेट देत नाही तेव्हा घाटात अपघात होतो. बघणारे म्हणतात लेखकाने वाट लावली. लेखकाला सकाळी फोन आलेला असतो.

भाचा : तो फोन कसाही आला तरी ॲम्ब्युलन्सच्या जागेवर गाडी लेखकानेच लावली ना?

आत्या : हो. ती लेखकाने लावली. पण जरा खोलीत कोण उरलं होतं तेही बघ. एखादा भाग लिहायला घेतल्यापासून दिसेपर्यंत आठ-नऊ महिने जातात. लॉस एंजेलिसमध्ये लिहायचं, टेबलाभोवती बसून दहा वेळा मोडायचं, बोर्ड काढायचे, मग कोरियात चित्रं व्हायची. ओळ अन् ओळ घासून घेणारी माणसं लागतात. कोनन 1993 मध्ये स्वतःचा शो करायला गेला. सॅम सायमन, ज्याने ती लेखकांची खोली बांधली, तो त्याच सुमारास बाहेर पडला. ग्रोनिंगचं लक्ष 'फ्यूचरामा'कडे वळलं, मार्च 1999 मध्ये ती सुरूही झाली आणि जाताना इथली माणसं घेऊन गेली. जॉन स्वार्ट्झवेल्डरने 59 भाग लिहिले आणि तोही थांबला. 1998 मध्ये फिल हार्टमन गेला, त्याच्याबरोबर त्याच्या आवाजातली ट्रॉय मॅक्लूर आणि वकील लायनल हट्झ ही पात्रं गेली. ही माणसं परत मिळत नाहीत. घसरण मला मान्य आहे रे. माझं म्हणणं एवढंच की ती खाली जाऊन तिथेच बसली नाही.

भाचा : म्हणजे मान्य आहे!

आत्या : दहा ते वीस सीझनपर्यंतचं बरंचसं मान्य आहे. उड्या मारू नकोस. अपूचं काय? तुझ्या सुवर्णकाळात अपू होता. त्याचे उच्चार कोण करत होतं?

(आता वाद आपल्या दारात आला. अपू नहासपीमापेटिलॉन हा स्प्रिंगफिल्डच्या क्विक-ई-मार्टचा भारतीय मालक. 1990 पासून त्याला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकन नटाने. 2017 मध्ये हरी कोंडाबोलू या न्यूयॉर्कच्या भारतीय वंशाच्या विनोदकाराने त्यावर माहितीपट केला.)

भाचा : अपूवर मालिकेतला सगळ्यात चांगला राजकीय भाग आहे, 1996 चा. गावात अस्वल येतं, कर वाढतो, लोक चिडतात आणि महापौर खापर परदेशातून आलेल्यांवर फोडतो. त्यांना हाकलण्यासाठी थेट मतदान. कॅलिफोर्नियात 1994 मध्ये असंच एक मतदान झालं होतं, त्यावर बेतलेलं. अपू खोटे कागद घेतो, काउबॉय टोपी घालून अमेरिकन व्हायला बघतो आणि स्वतःची लाज वाटून ते सगळं फेकतो. मग नागरिकत्वाची परीक्षा. यादवी युद्धाचं कारण काय, असं विचारल्यावर तो इतिहासाच्या प्राध्यापकासारखा अनेक पदरी उत्तर द्यायला लागतो. परीक्षक कंटाळून म्हणतो, गुलामगिरी एवढंच म्हण. त्या एका विनोदात किती काय आहे! त्याला त्या देशाचा इतिहास परीक्षकापेक्षा जास्त येतो, आणि पास व्हायला कमी बोलावं लागतं.

आत्या : सुंदर भाग आहे. आणि अमेरिकेत एडिसनला माझी मैत्रीण राहते, तिच्या मुलाला शाळेत पोरं त्याच उच्चारात हाका मारायची. त्या पोरांनी तो नागरिकत्वाचा भाग पाहिला नव्हता, किंवा पाहून फक्त उच्चार उचलला. अमेरिकन टीव्हीवर तेव्हा एवढा ओळखीचा दुसरा भारतीय माणूसच नव्हता ना. एकुलत्या एका माणसाला सगळ्यांचं ओझं. हे तुझ्या सोन्याच्या काळातलं आहे. 2000 नंतरच्या लेखकांनी केलेलं नाही.

भाचा : नंतरच्यांनी काय केलं? त्याला आठ मुलं एकदम दिली, मग दुकानातच लफडं दिलं. माणूस काढून घेतला, उच्चार ठेवला. आणि 2018 मध्ये माहितीपटाला उत्तर काय, तर लिसा पलंगाशेजारच्या अपूच्या फोटोकडे बघते आणि म्हणते, पूर्वी ज्याला टाळ्या पडायच्या ते आता चालत नाही, काय करणार. लिसाने! ज्या मुलीने सहा वर्षांत एकही अन्याय गप्प बसून पाहिला नाही तिच्या तोंडी हे? 1996 च्या लिसाने त्या माहितीपटवाल्याला घरी जेवायला बोलावलं असतं.

आत्या : तो प्रसंग वाईटच होता. 2020 मध्ये अझारियाने स्वतः तो आवाज सोडला. त्या वर्षीच मालिकेने ठरवलं की गोऱ्यांनी इतर वर्णांच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही.

भाचा : आणि अपू मुका झाला. गर्दीत उभा असतो, बोलत नाही. चांगला भारतीय नट घेऊन त्याला बोलतं करायचं होतं. हे म्हणजे दुकान चालू आणि मालक माळ्यावर.

आत्या : पटतं मला. इथे मी मालिकेची वकिली करणार नाही. पण तू त्याला घसरण म्हणतोस आणि मला ते दुसरंच काही वाटतं. आमच्याकडे मालिका थकली की काय करतात? लीप घेतात. सात वर्षांचा, वीस वर्षांचा. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. एवढ्या लांबीत माणसं म्हातारी होतात, मरतात, सुना सासवा होतात. सिम्पसन्सने लीप घेतला नाही. बार्ट दहाचा, लिसा आठची. जग पुढे गेलं आणि घर तिथेच.

भाचा : चिंटूही 1991 पासून तेवढाच आहे की. कोणी तक्रार करत नाही.

आत्या : चिंटूच्या घराचा हप्ता कोणी विचारत नाही. होमरचा विचारतात. या मालिकेने पहिल्यापासून पगार सांगितला, कर्ज सांगितलं, युनियनने दातांच्या विम्यासाठी केलेला संप दाखवला. तिच्या विनोदाला महिन्याचा हिशेब होता. असा हिशेब गोठवता येत नाही. 1991 च्या भागात होमर आणि मार्जचं शाळेतलं प्रेम 1974 मध्ये घडतं. 2008 मध्ये तेच दोघं नव्वदच्या दशकात तरुण दाखवले आणि तुम्ही चाहते खवळलात. पण करणार काय? होमर चाळिशीच्या आतला. आज तो तेवढाच धरला तर मालिका सुरू झाली तेव्हा तो रांगत होता. त्याच्या मागे आता व्हिएतनाम नाही, सत्तरचं दशक नाही. स्किनर व्हिएतनामला जाऊन आला, त्याचं वय आज किती काढणार? तुझा आवडता आर्मिन टॅमझेरियन त्याच भिंतीवर आपटला होता. पात्राला भूतकाळ द्यावा तर वर्षं मोजावी लागतात.

भाचा : मग थांबायचं. होमरच्या कामावरच्या फ्रँक ग्राइम्सच्या भागात त्यांना ते कळलं होतं, मे 1997 मध्ये. ग्राइम्स एका बोलिंग अड्ड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली राहतो, राब राब राबतो. होमरच्या घरी येतो, दोन मजली घर बघतो, ताटातलं लॉब्स्टर बघतो आणि वेडा होतो. एका पगारात, बारावी झालेल्या माणसाला, हे कसं? विजेच्या तारेला हात लावून मरतो बिचारा. त्या भागानंतर दिवे मालवायचे होते.

आत्या : आणि मी म्हणते, त्यातलंच काही नंतरही चालू राहिलं. मे 2022 चा भाग पाहिलायस? बार्ट बापासारखा होऊ म्हणतो आणि ह्यू जॅकमन गाण्यातून त्याला समजावतो की तुझ्या बापाला मिळालं ते तुला मिळणार नाही, तो मध्यमवर्गच गेला. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट राइशही येऊन जातो. ग्राइम्सचा प्रश्न, पण या वेळी मुलाच्या बाजूने विचारलेला. 1997 मध्ये हा भाग कोणी लिहू शकलं नसतं. 1989 मध्ये जे घर साधं वाटायचं ते 2022 मध्ये परीकथा झालं, तेव्हा कुठे लिहिता आला. न वाढण्याचाही कधी कधी उपयोग होतो.

भाचा : पाहिलाय. चांगला आहे. पण ते गाणं भाषण करतं, आत्या. मॅगीच्या फोटोंना बोलावं लागलं नव्हतं.

(दोघंही या भागाबद्दल बरोबर आहेत. मला मात्र वाटतं की दोघांनी मालिकेचा शत्रू कोण होता हे विचारलंच नाही. 1990 मध्ये फॉक्सने ही मालिका गुरुवारी 'द कॉस्बी शो'समोर लावली. एकीकडे आदर्श बाप, दुसरीकडे होमर. जानेवारी 1992 मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं सिम्पसन्ससारखी कमी आणि 'द वॉल्टन्स'सारखी जास्त असावीत. इतका मोठा शत्रू मिळाल्यावर विनोदाला धार लावावी लागत नाही. टीव्हीवरच्या खोट्या कुटुंबाविरुद्ध ती मालिका उभी होती. पुढे अमेरिकन प्राइमटाइमच्या कथामालिकांत तीच सगळ्यात जुनी झाली. 2019 पासून ती डिस्नेची आहे आणि डिस्नेच्या पात्रांबरोबर छोट्या जाहिरातवजा फिती करते. बर्न्सच्या दारातून रांगत गेलेला होमर आणि ही फीत शेजारी ठेवून बघावी. मला जॉकींच्या बुटक्यांपेक्षा हे जास्त टोचतं.)

आत्या : तुझ्या बापाचं झालं का लिहून? बरं, मला सांग, 2022 चा हिवाळ्यातला भाग? होमर आणि मार्ज जंगलात अडकतात, सगळा भाग जवळपास ती दोघंच. मॅट सेलमन शोरनर झाल्यापासून असे भाग येतात. आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी मालिकेचा खोटाच शेवट दाखवला. सगळ्यांच्या गोष्टी आवरतायत, निरोप चाललेत आणि बार्ट बिचारा घाबरलाय की हे सगळं का संपतंय. छत्तिसाव्या सीझनचा पहिलाच भाग तो! मी बघताना उठून उभी राहिले होते.

भाचा : त्या भागाचं मी ऐकून आहे.

आत्या : पाहिला नाहीस. छत्तीस सीझन शिव्या घालायच्या आणि पाहायचं आठच.

भाचा : मी बावीसपर्यंत पाहिलेत! पुढे हिंमत झाली नाही. मार्जचा आवाज ऐकवत नाही गं. ज्युली कॅव्हनर 1950 मध्ये जन्मल्या. चेहरा चौतिशीचा आणि घसा पंचाहत्तरीचा. पहिल्या सीझनमधल्या मार्जच्या शेजारी लावून बघ. त्या गावात एकटा आवाज म्हातारा होतो.

आत्या : मग बदलावा का? बार्टचा मित्र मिलहाउस, त्याला आवाज देणाऱ्या पामेला हेडन 2024 मध्ये निवृत्त झाल्या, दुसरी बाई आली. पहिल्या वाक्याला कळलं मला.

भाचा : आणि?

आत्या : आणि चार भागांनी कळेनासं झालं.

भाचा : हेच! हेच मला नको आहे.

आत्या : आणि मला दर सोमवारी स्क्रिप्ट द्यायची असते, म्हणून मला हेच हवं आहे. मार्जचा बदलला तर मी बंद करीन, हे मात्र लिहून ठेव.

भाचा : एवढीच ना तुझी हद्द? माझी जरा आधी लागली.